सरोजबाईंचं गोदाम

चंद्रपुरात हल्ली कुणाला विचारलं, संध्याकाळी कुठे भेटायचं, तर उत्तर येतं, "गोदामात." बाहेरगावचा माणूस हे ऐकून बुचकळ्यात पडतो. भेटायला गोदामात काय जायचं? मग त्याला तिथे नेलं, की तो दारातच थांबतो. एकामागे एक तीन लांबलचक दगडी गोदामं, डोक्यावर सागाच्या तुळया, मधे फरशीचं मोठं अंगण. पहिल्यात बांबूच्या वस्तू, कोशाच्या रेशमी साड्या, मध, चारोळी. दुसऱ्यात खाण्याची दुकानं. तिसऱ्यात रंगमंच, दिवाळीनंतर तिथे झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि ब्रह्मपुरी-वडशाकडची नटमंडळी शहराला रडवून जातात. आणि या सगळ्यात जिथे नजर जाईल तिथे बाकं. पाठ टेकायची, रुंद, सागवानी बाकं.

हे सगळं सरोजबाई अल्लेवार यांनी केलं. मी त्यांची आर्किटेक्ट होते. म्हणजे मी असं म्हणते. त्या मला शेवटपर्यंत "इंजिनेर" म्हणत.

"बाई, मी इंजिनीअर नाही, आर्किटेक्ट आहे."

"एकच ते."

"एकच नाही."

"घर पडलं तं दोघायलेही पकडतात ना? मग एकच."

सरोजबाई मूळच्या सिरोंचाच्या. घरात तेलुगू, बाहेर आमची मराठी. उंच, ताठ, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, कडक खळीचं सुती पातळ. तोंडात कायम एक लवंग. साखरेचा आजार होता, आणि जिलबी दिसली की तो त्यांना आठवत नसे. दुसऱ्याची चूक काढणं हा त्यांचा आवडता उद्योग. पुजारी आरतीत एक कडवं गाळून पुढे गेला, तर त्या भर देवळात "चुकलं" म्हणत आणि त्याला मागे आणत. एकदा एक मोठे साहेब भाषणात जिल्ह्यातल्या नद्यांची नावं सांगत होते. पहिल्या रांगेतून आवाज आला, "प्राणहिता राह्यली." साहेबांनी प्राणहिता घेतली आणि मगच पुढे गेले.

त्यांची-माझी ओळख झाली तेव्हा ती गोदामं पाडायचं जवळजवळ ठरलं होतं. अल्लेवारांचा जंगलमालाचा व्यापार होता: मोहफूल, हिरडा, लाख, डिंक. सासऱ्यांच्या आधीपासूनची गोदामं. धंदा बदलला, माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, कुलपं लागली. नवरा वारल्यावर जागा सरोजबाईंच्या नावावर आली. मुलगा श्रीनिवास हैदराबादला नोकरीत. त्याने नागपूरचा एक बिल्डर आणला. बिल्डरने टेबलावर मॉलचा छोटा नमुना ठेवला. सगळा काचेचा, आत छोटी छोटी माणसं. मी त्या बैठकीला होते ती केवळ जागेची मापं घेतली होती म्हणून.

सरोजबाईंनी वाकून त्या मॉलमध्ये बराच वेळ पाहिलं.

"हे लोकं उभे काऊन हायेत सगळे?" त्यांनी विचारलं.

बिल्डर हसला. "खरेदी करताहेत, मॅडम."

"अन् थकले तं?"

"वरच्या मजल्यावर फूड कोर्ट आहे."

"म्हणजे खाल्लं तरच बसाचं." त्या सरळ झाल्या. "श्रीनिवास, ह्यायले चहा दे. अन् जाऊ दे."

श्रीनिवास वाईट मुलगा नव्हता. आईने उतारवयात एकटीने तिथे राहावं आणि पडक्या गोदामांची काळजी करावी, हे त्याला पटत नव्हतं, एवढंच. तो चिडला. "अम्मा, मग त्याचं करणार काय तू?" त्यावर सरोजबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे इंजिनेर सांगंल." मला त्याआधी त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन गोदामात शिरल्या. दार ढकलल्यावर आतून आंबूस-गोड वास आला. इतक्या वर्षांनंतरही दगडांनी मोहाचा वास सोडला नव्हता. सरोजबाई उंबऱ्यावरच थांबल्या. मला वाटलं, नवऱ्याची आठवण आली असेल.

"लगन होऊन आली तेव्हापासून ह्या भिंती पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "आत काही आली नाई. आमच्यात सुना गोदामात येत नव्हत्या. घराच्या वरच्या खिडकीतून पाह्यचं. जंगलातल्या बाया डोक्यावर मोह घेऊन येत, अंगणात उतरवत, मग भिंतीले पाठ लावून बसत. हसत, बोलत, पाणी पेत. मले त्यायचा हेवा वाटे."

"हेवा? त्या तर ओझी वाहून यायच्या."

"ओझं उतरवून बसत होत्या ना. मले कुठी बसाची सोय होती?"

पहिला आराखडा मी मोठ्या हौसेने केला. दुकानं नीट आखली, मधे चार बाकं दाखवली. सरोजबाईंनी चष्मा लावून ती चार बाकं शोधून काढली आणि त्यांच्यावर बोट ठेवलं.

"मले सांग, ह्या गावात बाईमाणसाले नुसतं बसाले जागा कुठी हाय? माणूस पानठेल्यावर बसते, चौकात बसते, पुलावर बसते. कोणी पुसते त्याले, काऊन बसला? बाई बसली तं देवळात, नाई तं दवाखान्याच्या बाहेर. काही काम नसताना बसली, का चार जणं पुसतात, कोणाची वाट पाहून राह्यली?"

"पण बाई, बाकं वाढवली तर दुकानं कमी होतील."

"होऊ दे."

दुकानं कमी झाली. बाकाचा नमुना मात्र त्यांनी सहज पास केला नाही. सुताराने बाक आणून अंगणात ठेवलं. सरोजबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावल्या: एक जाड, एक बारीक, एक गुडघेदुखीची, एक कडेवर लेकरू असलेली. प्रत्येकीला बसवलं आणि गप्पा सुरू केल्या. कोण किती चुळबुळ करते, ते त्या पाहत होत्या. पाठ जास्त उभी आहे असं ठरलं. सुताराने पाठ कलती केली. पुन्हा त्याच बायका आल्या आणि या वेळी स्वयंपाकाची वेळ झाली तरी उठेनात. सरोजबाई सुताराला म्हणाल्या, "हे जमलं."

बांधकामातली एक गोष्ट आजही लोक सांगतात, कारण तिची खूण भिंतीवर आहे. पहिल्या गोदामाची आतली भिंत मोहाने, लाखेने, माणसांच्या पाठींनी काळपट-तांबूस झाली होती. ती घासून दगड उजळ करावा असं मी सुचवलं, आणि भंडाऱ्याकडचा एक कारागीर मशीन घेऊन आला. सरोजबाई आल्या तेव्हा त्याचं काम रंगात आलं होतं. भिंतीवरचा तो जुना रंग जाताना पाहून त्या, घाईच्या वेळी नेहमी होई तसं, तेलुगूत ओरडल्या, "चालु! चालु!"

तेलुगूत "चालु" म्हणजे पुरे. भंडाऱ्याच्या माणसाला हे कुठून माहीत असणार? बाई खूश झाल्या असं समजून त्याने मशीनचा जोर वाढवला.

"चालु अंटे! चालु!"

तो आणखी जोरात. मी धावत जाऊन वायर ओढली तेव्हा भिंत अर्धी पांढरी झाली होती, अर्धी मोहाच्या रंगाची. सरोजबाईंनी कपाळावर हात मारला. कारागीर घामाघूम होऊन म्हणाला, "तुम्हीच तं म्हणत होत्या चालू ठेव!" मग सरोजबाई ज्या हसायला लागल्या, त्या लवंग घशात अडकून ठसका लागेपर्यंत. भिंत तशीच अर्धी-अर्धी ठेवली. आज पोट्टेपोट्ट्या तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात आणि ही कुणा मोठ्या डिझायनरची कल्पना समजतात.

गोदाम उघडलं ते हिवाळ्यात. गर्दी लोटली. कोशाच्या साड्या संपल्या, नाटकाला माणसं उभी राहिली, मोहर्लीहून वाघ पाहून परतणारे पाहुणे गाड्या थांबवून येऊ लागले. सरोजबाई रोज खळीचं नवं पातळ नेसून अंगणात फिरत. मी त्यांना इतकं अभिमानाने चालताना आधी पाहिलं नव्हतं.

मग आला आमचा उन्हाळा.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. मी आधीच म्हणाले होते, की पत्र्याच्या छपराला माथ्यावर हवा जायला झरोके ठेवू. सरोजबाईंनी ते उडवून लावलं होतं. "इथी मोह राह्यला, माणसं नाई राहणार?" मे महिन्यात गोदाम भट्टी झालं. मधाच्या बाटल्या गरम, मेणबत्त्यांचे पाघळून गोळे, दुपारभर चिटपाखरू नाही. दुकानदार कुरकुरले, मग स्पष्ट बोलले, मग दोघांनी सामान बांधलं. श्रीनिवास हैदराबादहून आला आणि बिल्डरचा फोन पुन्हा सुरू झाला.

यावर सरोजबाईंनी जे केलं ते फक्त त्याच करू शकत होत्या. भर दुपारी त्या गोदामातल्या बाकावर जाऊन बसल्या. गरम होत नाही हे दाखवायला! हातात पंखा नाही, पाण्याचा तांब्याही नाही. रोज जाऊन बसत. समोरून कुणी घाम पुसत गेलं की म्हणत, "मले तं काही वाटून नाई राह्यलं." एका दुपारी त्या बाकावरच कलंडल्या. ऊन लागलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती, आणि श्रीनिवास बाहेरच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. त्या वेळी मलाही वाटलं, गोदाम गेलं चुलीत, बाई वाचू दे.

बाई वाचल्या. घरी आल्या आणि दुसऱ्याच संध्याकाळी श्रीनिवासच्या खांद्याला धरून गोदामात आल्या. सगळ्या दुकानदारांना बोलावलं. अंगणात सगळे गोळा झाले. आवाज खोल गेला होता, पण ताठ उभ्या होत्या.

"माह्यं चुकलं," त्या म्हणाल्या. "ह्या इंजिनेरनं सांगतलं होतं, मी आयकलं नाई. तुमचं नुसकान झालं. आता हे म्हणंल तसं करू."

जन्मभर दुसऱ्यांना हा शब्द ऐकवणाऱ्या बाईने तो स्वतःबद्दल उच्चारला, आणि जमलेल्या माणसांना कुठे पाहावं कळेना. खाण्याच्या दुकानातला एक म्हातारा तेवढा पुढे झाला आणि म्हणाला, "बाई, बसा तुमी पैले." त्या बसल्या. मग सगळेच बसले. ज्यांनी सामान बांधलं होतं त्यातल्या एकाने ते तिथेच सोडायला घेतलं.

माथ्याला झरोके काढले. मोठे वाळ्याचे कूलर आले. उन्हाळ्यात गोदाम दिवसा बंद आणि ऊन उतरल्यावर उघडं, असा रिवाज पडला. अंगणात पाणी शिंपडलं की वाळ्याचा आणि ओल्या दगडाचा वास सुटतो, आणि शहर घरातून बाहेर पडून तिथे येतं. बिल्डरचा फोन श्रीनिवासने स्वतःच बंद करून टाकला.

गोदामाचं नाव झालं तसे नवे प्रश्न आले. दुकानदार म्हणाले, फाटक पाहिजे, पहारेकरी पाहिजे. लहानसहान चोऱ्या होत होत्या. सरोजबाईंनी होकार दिला. लोखंडी फाटक बसलं, गणवेशातला पहारेकरी उभा राहिला.

एका संध्याकाळी मी आणि सरोजबाई ऑटोतून उतरलो. फाटकाबाहेर झाडाखाली एटापल्लीच्या जंगलाकडच्या पाच-सहा बायका गाठोडी घेऊन बसल्या होत्या. आपसांत गोंडीत हळू बोलत होत्या. कुणाच्या तरी बाळंतपणासाठी शहराच्या दवाखान्यात आल्या होत्या आणि रिकामा वेळ होता म्हणून इकडे आल्या होत्या. पहारेकऱ्याने त्यांना आत सोडलं नव्हतं.

"काऊन नाई सोडलं?" सरोजबाईंनी विचारलं.

"बाई, आत गिऱ्हाईक असते. ह्या काही घेणार नाईत."

सरोजबाई कडक पातळासकट त्या बायकांशेजारी मातीत जाऊन बसल्या. बायका दचकल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, मैनाबाई. तिने हात जोडून "जोहार" केला.

"कुठी जाचं होतं?" सरोजबाईंनी विचारलं.

"आत पाह्यचं होतं," मैनाबाई म्हणाली. "मी पोट्टी होती तवा मायसंगं इथी येत होती. मोह घेऊन. तिथी अंगणात उतरवत होतो." तिने फाटकाच्या गजांतून बोट दाखवलं. "आता सोडत नाईत म्हणते."

सरोजबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. खिडकीतून पाहिलेल्या चेहऱ्यांत हा एक होता का, ते शोधत असाव्यात. सापडला की नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या उठल्या, मैनाबाईचं गाठोडं उचलून स्वतःच्या कमरेवर घेतलं आणि चालू लागल्या. पहारेकरी बाजूला झाला. अंगण ओलांडून त्यांनी त्या बायकांना पहिल्या गोदामातल्या मोहाच्या रंगाच्या भिंतीशी नेलं आणि बाकावर बसवलं. मैनाबाईने भिंतीला तळवा लावला, मग नाकाशी नेला, आणि बरोबरच्यांना गोंडीत काहीतरी सांगितलं. सगळ्या हसल्या. सरोजबाईंना गोंडी येत नव्हती. त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी फाटक बिजागऱ्यांसह निघालं. दुकानदारांनी नाकं मुरडली, एक तर भांडून निघूनच गेला. पहारेकऱ्याला वाटलं, आता आपली नोकरी गेली. सरोजबाईंनी त्याला समोर उभं केलं.

"तू राह्य. फक्त काम बदललं. जो बाहेर घुटमळताना दिसंल, त्याले आत बोलवाचं."

त्याने ते इतकं मनावर घेतलं, की रस्त्याने आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसालाही तो "या ना, या, आत या" म्हणून हाताला धरून आणू लागला. एकदा त्याने टपाल वाटणाऱ्या माणसाला नाटकाला बसवलं, आणि गल्लीची पत्रं दुसऱ्या दिवशी मिळाली. मैनाबाई पुढच्या हंगामात आपल्या गावातल्या बायकांबरोबर चारोळी घेऊन आली. त्यांचं दुकान आजही पहिल्या गोदामात आहे.

या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. मोठ्या शहरांत मी अशी जुनी गोदामं नटवलेली पाहिली आहेत. सुंदर असतात. पण ज्यांनी तिथे ओझी वाहिली त्यांच्या घरचं कुणी तिथे दिसत नाही. आमच्या गोदामात दिसतं. बाहेरचे आर्किटेक्ट आमचं काम पाहायला येतात, छपराचे, झरोक्यांचे फोटो काढतात, आणि मी त्यांना आधी बाकं दाखवते. संध्याकाळी तिथे बायका बसलेल्या असतात. शाळेतल्या मास्तरणी, कॉलेजातल्या पोरी, भाजीची टोपली रिकामी करून आलेल्या. काही घेत नाहीत, कुणाची वाट पाहत नाहीत. नुसत्या बसलेल्या असतात. हे माझ्या गावात आहे, असं मी मान वर करून सांगते.

पुढे सरोजबाईंनी कारभार दुकानदारांच्या समितीकडे दिला. तब्येत उतरली, श्रीनिवास त्यांना हैदराबादला घेऊन गेला. तिथेच त्या गेल्या. मला त्यांचं शेवटचं दर्शन मात्र तिथे नाही, इथे झालं.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्या काही दिवसांसाठी गावी आल्या होत्या. मला कळवलं नव्हतं. एका संध्याकाळी मी गोदामात कामासाठी गेले, तर पलीकडच्या दुकानासमोर त्या एकट्या उभ्या दिसल्या. बारीक झाल्या होत्या, अंगावर साधं पातळ, डोक्यावर शाल. तिथे मौसमी नावाची मुलगी बसते. मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली निर्वासितांच्या गावातली, हाताने टाके घातलेल्या पिशव्या विकते. ती नवीन होती. तिने सरोजबाईंना ओळखलं नाही.

"आजी, पहिल्यांदाच आल्या का इथी?" ती विचारत होती.

मी पुढे होऊन सांगणार होते. सरोजबाईंची नजर माझ्यावर पडली, आणि त्यांनी मान किंचित हलवली. नको.

"हो," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच. तू दाखवते का मले?"

मौसमीने शेजारणीला दुकान पाहायला सांगितलं आणि सरोजबाईंचा हात धरला. मी जरा अंतर ठेवून मागे गेले. पोरगी तोंडभर सांगत होती. हे आमचं नाटकाचं गोदाम. हे आमचं अंगण, इथे आमची दिवाळी होते. हे सगळं फार जुनं आहे, राजाच्या वेळचं. इथे राजाचे हत्ती बांधत.

"हत्ती?" सरोजबाईंनी विचारलं.

"हत्तीच तर! दरवाजा पाहा ना केवढा मोठा आहे."

हत्तींचं मीही पहिल्यांदाच ऐकत होते; आता बाई "चुकलं" म्हणणार, असं मला वाटलं. सरोजबाईंनी मान वर करून दरवाजा पाहिला.

"मालक कोण हाय इथचा?"

"एक बाई होत्या म्हणतात. लय कडक. मी काही पाह्यलं नाई त्यायले. आता आमीच पाह्यतो सगळं," मौसमी म्हणाली, आणि पुढे ओढू लागली. "चला, अजून पुष्कळ आहे."

दोघी माझ्याजवळून गेल्या. सरोजबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा असा फुलला होता, की मी वाटेतून बाजूला झाले. गर्दीत शिरताना त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, अगदी मन लावून विचारत होत्या:

"अन् मंग ते हत्ती पाणी कुठी पेत?"